अराकूच्या आदिवासी कॉफी सहकारी संस्थेचा इतिहास

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने झाशीच्या सिविल लाइंसमधून निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रवरानगरचा किंवा आणंदचा इतिहास वाचावयास मिळेल, अशी अपेक्षा कोणी केली असल्यास ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. परंतु ज्या संस्थांची कीर्ती सर्वतोमुखी झालेली आहे त्यांचे स्तवन पुन्हा करण्यापेक्षा, जिचे कार्य मोठे असूनही मराठीत जिचा परिचय फारसा झालेला नाही आणि जिच्या कसोटीचे दिवस अद्याप सरलेले नाहीत, अशा एखाद्या संस्थेचा वृत्तांत देणे अधिक उपयोगाचे होईल, या विचाराने आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटातील अराकू खोऱ्यातील आदिवासी कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची निवड केली आहे.

झाशीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नारोशंकरांच्या अमदानीपासून या मुलखात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना बुंदेलखंडाच्या कोरडवाहू शेतकऱ्याची अवस्था पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जमिनीचा लहानसा तुकडा, पावसाचा भरवसा नाही, आणि माल तयार होतो न होतो तोच दाराशी उभा राहणारा, आगाऊ दिलेल्या रकमेच्या बळावर मालाचा भाव स्वतःच ठरविणारा व्यापारी. २०१९ साली याच झाशीत बलिनी दूध उत्पादक कंपनी नोंदली गेली आणि बुंदेलखंडातील ग्रामीण स्त्रियांना दुधाच्या मोजमापावर आणि दामावर स्वतःचा अधिकार सांगता येऊ लागला, तेव्हा जो प्रश्न येथे हाती घेतला गेला, तोच प्रश्न अराकूच्या डोंगरात त्याच्या आधी बारा वर्षे हाती घेतला गेला होता.

अराकूचे खोरे विशाखापट्टणमच्या मागच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे ते अकराशे मीटर उंचीवर आहे. २०२२ साली निर्माण झालेल्या ज्या जिल्ह्यात ते आज मोडते, त्याला अल्लूरी सीताराम राजूंचे नाव दिले आहे, आणि ते यथार्थ आहे. मद्रास इलाख्यात १८८२ च्या जंगल कायद्याने डोंगरातील लोकांच्या फिरत्या शेतीवर, ज्या पद्धतीला तिकडे पोडू आणि आपल्या कोकणात कुमरी म्हणतात तिच्यावर, निर्बंध घातले, आणि ज्या जंगलावर पिढ्यांची वहिवाट होती तेथे सरकारी रखवालदार उभा राहिला. १९२२ ते १९२४ या काळात राजूंनी उभारलेल्या बंडामागे हाच असंतोष होता. या प्रदेशात कॉफी आली तीही त्याच अंमलात. ब्रॉडी नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८९८ च्या सुमारास गोदावरी एजन्सीच्या पामुलेरू खोऱ्यात तिची रोपे लावली, आणि तेथून ती हळूहळू विशाखापट्टणमच्या डोंगरी मुलखात पसरली. बगता, वाल्मीकी, कोंडदोरा, कोटिया, पोरजा, गदबा या जमातींचे लोक प्रारंभी तिच्याशी मजूर म्हणूनच संबंधित होते. मळ्याचा धनी होण्याचा योग त्यांना यावयास पाऊण शतक जावे लागले.

स्वातंत्र्यानंतर वन खात्याने १९६० च्या दशकात येथे कॉफीची लागवड वाढविली. पुढे आदिवासी विकासाच्या योजनांतून कुटुंबागणिक एक-दोन एकरांवर कॉफी लावून देण्याचे धोरण आले, सिल्व्हर ओकच्या उंच झाडांची सावली धरली गेली आणि त्या झाडांवर मिऱ्यांचे वेल चढविण्यात आले. १९५६ साली स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळ वनोपजाच्या खरेदीसाठी या मुलखात होतेच. कॉफीच्या बाबतीतही त्याचे कार्य आजवर चालू आहे, आणि त्या कार्याचे श्रेय आपल्या चरित्रनायक संस्थेच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. तथापि महामंडळ म्हटले की सरकारी दप्तर आले आणि दप्तर आले की हुकमाची वाट पाहणे आले. उत्पादकांचे स्वतःचे, त्यांनीच निवडलेल्या लोकांनी चालविलेले असे काही त्या काळी डोंगरात नव्हते.

येथे थोडे मागे जाऊन देशातील कॉफीच्या व्यापाराची व्यवस्था पाहिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बाजारपेठा बंद झाल्या तेव्हा १९४२ च्या कायद्यान्वये मळेवाल्याने आपली कॉफी बेंगळूरच्या कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावी, बोर्डाने ती विकावी आणि हप्त्याहप्त्याने त्याला पैसे द्यावेत, अशी पद्धत सुरू झाली, आणि ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. (ज्या कॉफी हाऊसांची स्मृती मुंबई, नागपूर, जबलपूर येथील जुनी माणसे प्रेमाने जतन करतात, त्यांचा वंशही याच व्यवस्थेतला. १९३६ साली चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस उघडले ते कॉफीच्या प्रचारासाठी, आणि बोर्डाने ती बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालविली. कॉफीच्या पेल्याची ही दुसरी बाजू आणि तिचाही आधार सहकारच, हे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.) सामाईक साठ्याच्या पद्धतीत पैसा उशिरा मिळे ही उत्पादकांची कैफियत खरी होती, परंतु भाव कोसळला तरी त्याचा संपूर्ण भार एकट्या लहान शेतकऱ्याच्या शिरावर पडत नसे, हेही तितकेच खरे होते. १९९० च्या दशकात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली आणि १९९६ पासून प्रत्येक मळेवाला आपला माल आपण विकावयास मोकळा झाला. हे स्वातंत्र्य चिकमगळूरच्या मोठ्या मळेवाल्याला मानवले. ज्याच्यापाशी वजनाचा काटा नाही, ओल मोजण्याचे साधन नाही आणि आठवड्याच्या बाजाराखेरीज बाजार नाही, त्या अराकूच्या माणसाला त्या स्वातंत्र्याचा अर्थ एवढाच झाला की, आता सावकार आणि तो यांच्यामध्ये कोणी उरले नाही.

त्याच सुमारास जागतिक बाजारही ढासळत होता. उत्पादक आणि ग्राहक देशांनी १९६२ पासून चालविलेला आंतरराष्ट्रीय कॉफी करार, ज्याने प्रत्येक देशाच्या निर्यातीचा हिस्सा ठरवून भावाला आधार दिला होता, जुलै १९८९ मध्ये निष्प्रभ झाला, आणि २००१ साली न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव पौंडामागे अर्ध्या डॉलरच्याही खाली उतरला. याला उत्तर शोधण्याचा प्रयत्न मेक्सिकोच्या वहाका प्रांतात आधीच सुरू झाला होता. तेथील मूलनिवासी उत्पादकांच्या संघटनेत काम करणारे डच धर्मोपदेशक फ्रान्स व्हॅन डर हॉफ यांनी हॉलंडमधील निको रोझेन यांच्या साह्याने १९८८ च्या नोव्हेंबरात ‘मॅक्स हॅवेलार’ ही छाप असलेली कॉफी बाजारात आणली. जावा बेटावरील डच अंमलातील जुलुमाचे चित्र रेखाटणाऱ्या, १८६० साली प्रसिद्ध झालेल्या मुल्टाटुलीच्या कादंबरीचे नाव तिला दिले होते. न्याय्य व्यापार, म्हणजेच बाजारात ज्याला फेअर ट्रेड म्हणतात, त्याचा मूळ करार साधा आहे: लहान उत्पादकांच्या लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या संस्थेकडून घेतलेल्या मालाला ठरलेल्या किमान भावाखाली भाव द्यावयाचा नाही, आणि त्याखेरीज जी अधिक रक्कम मिळेल तिचा विनियोग सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठरवावयाचा. २००१ च्या मंदीत बाजारभाव पन्नास सेंटांखाली असताना हा किमान भाव, अधिकाच्या रकमेसह, १ डॉलर २६ सेंट होता. जगण्या-मरण्याचा फरक म्हणतात तो हाच.

अराकूत या विचाराची पेरणी झाली ती १९९८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या नांदी फाउंडेशन या न्यासाच्या द्वारे. शाळा, आरोग्य आणि शेती अशा मार्गाने शतकाच्या संधिकाळी ही मंडळी डोंगरात गेली, आणि कॉफी हेच तेथील लोकांच्या हाती रोकड आणणारे पीक आहे हे ओळखून त्यांनी उत्पादकांना एकत्र आणले. या प्रयत्नांतून २००७ साली ‘स्मॉल अँड मार्जिनल ट्रायबल फार्मर्स म्युच्युअली एडेड कोऑपरेटिव्ह सोसायटी’ नोंदली गेली. नाव लांबलचक असले तरी त्यातील ‘म्युच्युअली एडेड’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आंध्र प्रदेशाने १९९५ साली, देशात सर्वप्रथम, असा एक स्वतंत्र सहकारी कायदा केला की ज्याखालील संस्थेत सरकारचे भागभांडवल नसते आणि तिच्या दैनंदिन कारभारात निबंधकाचा हस्तक्षेप नसतो. महाराष्ट्रातील सहकाराची जडणघडण निराळ्या रीतीने झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेच्या काठी उभारलेला साखर कारखाना शेतकऱ्यांचाच होता, परंतु पुढे आपल्याकडे सरकारी भागभांडवल, सरकारी हमी आणि १९६० च्या अधिनियमाखालचे निबंधकाचे विस्तृत अधिकार यांच्या छायेत सहकार वाढला. या छायेने त्याला जसे पोसले तसे परावलंबीही केले, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अराकूच्या लोकांनी प्रारंभीच दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेवरील सुखदुःखेही त्यांचीच झाली.

पुढील प्रगती थोडक्यात सांगता येते. सभासदसंख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली. सेंद्रिय शेतीची आणि न्याय्य व्यापाराची प्रमाणपत्रे मिळाली. २००९ पासून ‘जेम्स ऑफ अराकू’ या नावाने उत्तम मालाची पारख करणारे उपक्रम सुरू झाले आणि परदेशी पारखी डोंगरात येऊन आदिवासींच्या कॉफीला गुण देऊ लागले. २०१० नंतर युरोपातील कंपन्यांच्या सहभागाने चालणाऱ्या लाइव्हलीहूड्स निधीच्या साह्याने सुमारे सहा हजार हेक्टरांवर तीस लाख वृक्ष लावण्याचे काम हाती घेण्यात आले. २०१७ साली पॅरिसच्या मारे भागात अराकूच्या नावाचे दुकान उघडले, २०१९ साली अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन लाभले, २०२१ साली बेंगळूरला उपाहारगृह सुरू झाले. परंतु संस्थेचा इतिहास म्हणजे मानचिन्हांची यादी नव्हे. तिला ज्या अडचणींशी झुंजावे लागले आणि लागत आहे, त्या समजून घेतल्या तरच तिची थोरवी कळते, म्हणून पुढील मजकूर त्यांना दिला आहे.

पहिली अडचण खुद्द फळाच्या स्वभावातली आहे. नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चेरी पिकते, तीही सारी एकदम पिकत नाही. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळे एकत्र असतात, त्यांतील केवळ लाल वेचावी लागतात, आणि वेचलेले फळ काही तासांच्या आत साल काढण्याच्या यंत्राशी पोचले नाही तर ते आंबू लागते व दाण्याची चव कायमची बिघडते. सुमारे सहा किलो चेरीतून एक किलो तयार दाणा मिळतो. डोंगरावरच्या पाड्यातून डोक्यावर ओझे आणणाऱ्या बाईने फळ ओरबाडून न आणता तीन-चार फेऱ्यांत वेचून आणावे, अशी अपेक्षा संस्था करते तेव्हा त्या अधिक श्रमाचा मोबदला तिच्या हातात वेळेवर पडला पाहिजे. पूर्वी बहुतेक घरे फळ अंगणातच वाळवून व्यापाऱ्याला देत. मध्यवर्ती प्रक्रियाकेंद्र उभारून ही रीत बदलणे हे या संस्थेचे सर्वांत मोठे काम आहे, आणि पॅरिसचे दुकान त्याच्यापुढे गौण आहे.

मोबदला वेळेवर द्यावयाचा तर हंगामाच्या आरंभी तिजोरीत रोकड हवी, आणि तेथेच सहकाराची खरी गाठ पडते. चेरी खरेदी होते हिवाळ्यात, आणि साफ करून, प्रतवारी लावून, जहाजावर चढवून परदेशी ग्राहकाकडून पैसे येईतो कित्येक महिने उलटतात. या मधल्या मुदतीसाठी बँकेचे कर्ज हवे. परंतु राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील या प्रदेशात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९७० च्या विनियमाने तिच्या हस्तांतरावर कडक बंदी आहे. १९९७ च्या समता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणमालकांच्या विरुद्ध हेच संरक्षण अधिक दृढ केले. हे संरक्षण नसते तर आज अराकूत कॉफीचे मळे आदिवासींचे राहिलेच नसते. पण त्याच कारणाने ती जमीन तारण म्हणून बँकेच्या फारशी उपयोगी पडत नाही, आणि संस्थेला आपल्या भांडवलासाठी देणगीदार, आगाऊ रक्कम देणारे ग्राहक किंवा सामाजिक हेतूने कर्ज देणारे निधी यांच्याकडे पाहावे लागते. व्यापाऱ्याला यातील काहीच लागत नाही. त्याने पावसाळ्यात, घरात धान्य संपलेले असताना, बयाणा दिलेला असतो.

मंदीच्या काळात संस्था टिकते, कारण किमान भावाचा आधार असतो, आणि तिची परीक्षा खरी तेजीच्या वर्षी होते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला उलटी वाटेल. परंतु जगभरच्या कॉफी सहकारी संस्थांचा अनुभव असाच आहे. धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०११ पासून पौंडाला १ डॉलर ४० सेंट होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये १ डॉलर ८० सेंट झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा बाजारभाव ४ डॉलरांच्याही वर गेला. अशा वेळी ज्या संस्थेने आदल्या वर्षी ठराविक भावाने माल देण्याचा करार केलेला असतो, तिच्या दारात चेरी येत नाही. सभासद ती पाड्यावर आलेल्या टेम्पोत घालतो आणि नोटा मोजून घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च समोर असताना हप्त्याने मिळणाऱ्या न्यायापेक्षा हातातली रक्कम त्याला मोलाची वाटली, तर त्यात आश्चर्य नाही. मात्र परिणाम असा होतो की, प्रक्रियाकेंद्र अर्ध्या मालावर चालते, दर किलोचा खर्च वाढतो, करार मोडतो, आणि पुढे भाव उतरून सभासद परत येतो तोवर संस्था कर्जात बुडालेली असते.

प्रमाणपत्रांचा भारही हलका नाही. प्रत्येक सभासदाच्या शेताची नोंदवही, अंतर्गत तपासनीस, बाहेरचा लेखापरीक्षक आणि त्याची फी हे सारे संस्थेच्या माथी; आणि एवढे करून प्रमाणित माल सारा न्याय्य व्यापाराच्या अटींवर खपेल याची शाश्वती नाही. जगात असा बराचसा माल ग्राहकाअभावी साध्या भावाने विकावा लागतो. भर म्हणून युरोपीय संघाचे नवे नियम आले आहेत. सेंद्रिय मालाविषयीच्या नियमानुसार एका उत्पादक गटात दोन हजारांहून अधिक सभासद असता कामा नयेत, आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व हवे. दहा हजारांना एका छत्राखाली आणणे हेच जिचे बळ, त्या संस्थेला युरोपच्या बाजारासाठी आपले गट पाडावयास लावणारी ही अट ब्रुसेल्सच्या कचेरीत ज्यांनी लिहिली, त्यांनी अशा संस्थांचा विचार केला होता असे दिसत नाही. त्याशिवाय २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमाप्रमाणे प्रत्येक शेताचे उपग्रहाने निश्चित केलेले स्थान आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तेथे जंगल तोडले नसल्याची ग्वाही द्यावी लागणार आहे. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, परंतु मोजणीचे काम टळलेले नाही. ज्या लोकांच्या पूर्वजांना १८८२ साली जंगलाचे चोर ठरविले गेले, आणि ज्यांना जंगलातील आपल्या जमिनीचा पट्टा मागण्याचा अधिकार २००६ च्या वनाधिकार कायद्याने मिळाला, त्यांच्याकडूनच आपण जंगल तोडले नाही याचा पुरावा आता दुसऱ्यांदा मागितला जात आहे, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

निसर्गाची कसोटी तर वर्षानुवर्षे चालूच आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमवर आदळले तेव्हा डोंगरातील सिल्व्हर ओक मुळासकट उन्मळून पडले. काही कॉफीची झाडे त्यांच्याखाली चिरडली, उरलेल्यांवरची सावली गेली, आणि तीही हंगाम तोंडाशी आला असताना. नवे रोप फळावर यावयास तीन-चार वर्षे लागतात आणि सावलीचे झाड मोठे होण्यास त्याहून अधिक. खोड पोखरणारा पांढरा किडा आणि पानांवरचा तांबेरा हे अरेबिकाचे जुने शत्रू येथे आहेतच. त्यांत २०२५ साली फळ पोखरणाऱ्या किडीची भर पडली. १९९० मध्ये निलगिरीच्या गुडलूर भागात भारतात प्रथम दिसलेली ही कीड अराकूपासून इतकी वर्षे दूर राहिली होती. सेंद्रिय शेतीचे व्रत घेतलेल्या सभासदाला जालीम औषध फवारता येत नाही; उरलेसुरले फळ झाडावर आणि जमिनीवर राहू न देणे, किडके फळ उकळत्या पाण्यात बुडविणे आणि सापळे लावणे हेच उपाय आहेत, आणि शेजाऱ्याने केले नाहीत तर आपण केलेले व्यर्थ जातात.

शेवटचा प्रश्न मालकीचा आहे. या कॉफीची बाजारातील छाप चालविणारी कंपनी ही सोसायटीहून निराळी आहे, आणि तिच्यात बाहेरच्या मोठ्या उद्योगपतींनी भांडवल घातले आहे. पॅरिस-बेंगळूरच्या दुकानांना लागणारा पैसा डोंगरातून उभा राहणे शक्य नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि दाण्याच्या किमतीतील मोठा वाटा भाजणे, बांधणे आणि विकणे या पायऱ्यांवर निर्माण होतो. म्हणून या पायऱ्यांच्या मालकीत सभासदांचा हिस्सा उत्तरोत्तर वाढत जावा, अशी अपेक्षा सहकारावर श्रद्धा असलेल्या प्रत्येकाने बाळगावी आणि ती उघडपणे बोलून दाखवावी. आपल्या मेळघाटातील चिखलदऱ्याच्या कोरकू वस्तीतही कॉफी पिकते. तेथे उद्या अशी संस्था निघाली तर तिच्या घटनेत हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडविलेला असला पाहिजे.

तेजीच्या काळात संस्थेच्या चालकांपुढे निकडीचा प्रश्न हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात चेरीचे दाम जागच्या जागी कसे चुकते करावयाचे हा आहे. न्याय्य व्यापारातून पौंडामागे जे वीस सेंट अधिक मिळतात, त्यांतून सर्वत्र शाळा, पाण्याची टाकी किंवा रस्ता करण्याकडे सभासदांचा ओढा असतो आणि तो समजण्याजोगा आहे. तरीही निदान काही वर्षे त्या रकमेचा एक ठराविक भाग खरेदी-निधी म्हणून अलग ठेवावा, त्यावर कोणाही पदाधिकाऱ्याला सर्वसाधारण सभेच्या ठरावाखेरीज हात घालता येऊ नये, आणि तेजीच्या वर्षी जो सभासद आपला सारा माल संस्थेलाच घालील त्याला हंगामाच्या अखेरीस त्या निधीतून वाढीव हप्ता द्यावा, ही सूचना अशा संस्थांनी आपल्या पुढील वार्षिक सभेत विचारार्थ घ्यावी.